दहा सेकंदांचा बर्फ

फ्लोरिडातील टॅम्पा शहरात एप्रिलच्या दुपारी पारा तिशीला टेकतो आणि खाडीवरून येणारी हवा इतकी दमट असते की रत्नागिरीत वाढलेल्या माणसाला ती जराही परकी वाटत नाही. अशा हवेत २०० फूट लांब, ८५ फूट रुंद आणि जेमतेम सव्वा इंच जाडीचा बर्फाचा थर हजारो माणसांच्या सान्निध्यात टणक आणि सपाट ठेवणे, हे माझे काम आहे. मी रेफ्रिजरेशनचा तंत्रज्ञ आहे. शनिवार, ८ एप्रिल २०२३ रोजी अमेरिकेतील महाविद्यालयीन आइस हॉकीचा राष्ट्रीय अंतिम सामना टॅम्पातील अमाली अरिनामध्ये झाला, तेव्हा बर्फ सांभाळणाऱ्या पथकात मी होतो.

देशभरातून निवडलेले १६ संघ चार विभागांत खेळतात, एक सामना हरला की संघ बाहेर जातो, आणि उरलेले चार संघ शेवटच्या टप्प्यासाठी एका शहरात जमतात. या टप्प्याला ‘फ्रोझन फोर’ म्हणतात. १९४८ मध्ये कोलोरॅडो स्प्रिंग्ज येथे ही स्पर्धा पहिल्यांदा झाली, तेव्हा मिशिगन विद्यापीठ जिंकले होते. २०२३ मध्ये गुरुवारच्या उपान्त्य सामन्यांत मिनेसोटाने बोस्टन युनिव्हर्सिटीला ६-२ असे आणि क्विनिपिॲकने मिशिगनला ५-२ असे हरवले होते. मिनेसोटाच्या नावावर पाच विजेतेपदे होती, त्यांतील शेवटचे २००३ चे. कनेक्टिकटमधल्या हॅम्डेन गावच्या क्विनिपिॲककडे एकही नव्हते. ते २०१३ मध्ये अंतिम सामन्यात येलकडून हरले आणि २०१६ मध्ये नॉर्थ डकोटाकडून ५-१ असे हरले, तेही याच इमारतीत. २०१६ मध्ये मी इथे हाताखालचा माणूस म्हणून काम करत होतो. सामना संपल्यावर क्विनिपिॲकची मुले बाकावर मान खाली घालून बसली होती आणि आम्ही फावडी घेऊन कडेला उभे होतो, ते दृश्य माझ्या मनातून कधी गेले नाही. त्यामुळे कोणाची बाजू घेणे हे माझे काम नसले, तरी त्या संघाचे नाव पुन्हा वेळापत्रकात दिसले तेव्हा मला बरे वाटले, हे मी नाकारणार नाही.

माझे बाबा मिरकरवाडा बंदराजवळच्या बर्फाच्या कारखान्यात फिटर होते. अमोनियाचा कॉम्प्रेसर, थंडगार मिठाच्या पाण्याची टाकी आणि त्या टाकीत बुडवलेले पत्र्याचे लांब डबे, हे माझ्या लहानपणीचे जग. डब्यातून निघालेली लादी बाहेरून काचेसारखी आणि मध्यभागी दुधासारखी पांढरी असे, कारण गोठताना पाणी आपल्यातली हवा आणि क्षार आत ढकलत जाते आणि शेवटी ते सगळे मध्ये अडकते. रिंकचे, म्हणजे खेळासाठी गोठवलेल्या मैदानाचे, शास्त्र याहून निराळे नाही. फरशीच्या पोटातल्या नळ्यांमधून शून्याच्या खाली गेले तरी न गोठणारे द्रावण फिरत राहते, त्यावर अगदी पातळ थरांनी बर्फ चढवला जातो आणि पाणी आधी शुद्ध करून घेतले जाते, म्हणजे तो पांढरा, ठिसूळ भाग राहत नाही. मिरकरवाड्याची लादी ट्रॉलरवर मासळीसाठी फुटायची असते. इथला बर्फ फुटता कामा नये, एवढाच फरक.

बाहेरच्या लोकांना वाटते की बर्फाला धोका उन्हाचा असतो. खरा धोका माणसांचा आणि ओलाव्याचा असतो. बसलेला माणूस साधारण १०० वॅटच्या दिव्याइतकी उष्णता सोडतो आणि प्रत्येक श्वासाबरोबर थोडी वाफही. अंतिम सामन्याला एकोणीस हजारांच्या घरात प्रेक्षक असतात, म्हणजे जवळजवळ वीस लाख वॅटची शेगडी आपण बर्फाभोवती पेटवतो. दरवाजे उघडले की बाहेरची दमट हवा आत शिरते, थंड पृष्ठभागावर तिचे दव धरते, त्या दवाचा खरखरीत थर होतो आणि पक, म्हणजे या खेळात चेंडूऐवजी वापरतात ती रबराची चकती, अडखळू लागतो. फरशी थंड व्हायला वेळ लागत असल्यामुळे, गर्दी आल्यावर यंत्र वाढवून काही उपयोग होत नाही. म्हणून त्या दिवशी दुपारी, रिकाम्या खुर्च्यांसमोर, आम्ही द्रावणाचे तापमान आधीच खाली आणायला घेतले. बर्फात सगळीकडे बारीक भोके पाडून जाडी मोजली, अवरक्त मापकाने पृष्ठभागाचे तापमान टिपले. साधारण उणे पाच अंश सेल्सिअस. त्याहून थंड बर्फ ठिसूळ होतो, त्याहून गरम असला तर पात्याखाली चिखल होतो.

संध्याकाळी दोन्ही विद्यापीठांची वाद्यपथके वाजू लागली आणि दरवाजे उघडल्यापासून तासाभरात हवेतला ओलावा मला मापकावर चढताना दिसला. शोषक यंत्रे आधीपासून पूर्ण जोराने चालू होती, म्हणून तो हाताबाहेर गेला नाही. सामन्यात मिनेसोटाने आधी आघाडी घेतली, दुसऱ्या सत्रात ती २-१ अशी राहिली. तिसऱ्या सत्रात मात्र क्विनिपिॲकचा जोर इतका वाढला की खेळ एकाच टोकाला साचला. आमच्या दृष्टीने त्याचा अर्थ सरळ होता : त्या टोकाचा बर्फ झपाट्याने झिजत होता. खेळाडू एकाच जागी थांबत, वळत, पुन्हा निघत. प्रत्येक थांबण्यात पात्याने खरवडलेला भुगा उडे आणि गोलसमोर राखाडी ढिगासारखा साचे.

वेळ संपत आली तसे क्विनिपिॲकचे प्रशिक्षक रँड पेकनोल्ड यांनी आपला गोलरक्षक बाहेर काढून एक जादा खेळाडू उतरवला. २ मिनिटे ४७ सेकंद उरली असताना कॉलिन ग्राफने गोल केला आणि सामना २-२ झाला. माझ्या शेजारी उभा असलेला, तीस वर्षे झॅम्बोनी, म्हणजे बर्फ नव्याने सपाट करणारी गाडी, चालवणारा सहकारी गोलकडे पाहत नव्हता. तो त्या टोकाच्या बर्फाकडे पाहत होता आणि मला म्हणाला, “आता आणखी एकदा बर्फ करावा लागणार.”

जादा सत्र पूर्ण २० मिनिटांचे असते. पहिला गोल झाला की सामना संपतो, आणि नाही झाला तर पुन्हा २० मिनिटे. २०१५ मध्ये मॅसॅच्युसेट्स आणि नोत्र दाम या विद्यापीठांचा सामना पाच जादा सत्रांपर्यंत लांबला होता, हे बर्फाच्या धंद्यातल्या प्रत्येकाला पाठ आहे. मध्यंतर सुरू झाले तेव्हा आमच्या डोक्यात तेच होते. ही एक फेरी नीट झाली नाही, तर पुढच्या प्रत्येक फेरीत तिचे ओझे वाढत जाणार होते.

प्रश्न पाण्याचा होता. झॅम्बोनी वरचा थर तासते आणि मागे गरम पाणी सोडते. गरम अशासाठी, की ते जुन्या बर्फाला किंचित वितळवून त्यात मिसळते आणि त्यात हवा कमी असते. पाणी भरपूर सोडले तर ओरखडे चांगले भरतात, पण थर गोठायला वेळ लागतो, आणि ओल्या बर्फावर पक चिकटल्यासारखा चालतो. कमी सोडले तर लवकर गोठते, पण खोल खाचा तशाच राहतात. आम्ही पाणी थोडे कमी सोडायचे आणि खोल खाचा आधी हाताने बुजवायच्या, असे ठरवले. झिजलेल्या टोकाला तिघे गेले. मी मध्यवर्तुळाकडे गेलो.

मध्यबिंदूच्या कडेला, निळ्या रंगावर, बोटाच्या पेराइतकी लांब खाच पडली होती. कोणाच्या तरी पात्याचे टोक तिथे रुतून वळले असावे. मी गुडघ्यावर बसलो, हातमोजा काढला, बादलीतला ओला भुगा चिमटीने खाचेत भरला आणि अंगठ्याने दाबत गेलो, जोवर अंगठ्याला कड लागेनाशी झाली तोवर. मग कार्बन डायऑक्साइडचा फवारा मारला. पांढरा धूर उठला, भुगा क्षणात दगड झाला, आणि मी पट्टीने तो घासून सपाट केला. उठताना बोटांना संवेदना नव्हती. जादा सत्राचा पहिला फेसऑफ, म्हणजे पंचाने दोन खेळाडूंमध्ये पक टाकून खेळ सुरू करणे, याच बिंदूवर होणार, याची मला पूर्ण जाणीव होती.

दोन झॅम्बोनी एकामागोमाग फिरल्या आणि बाहेर गेल्या. मी आडोशाला उभा राहून पृष्ठभागावरची चमक मंद होताना पाहिली. ओला बर्फ दिवे आरशासारखे परतवतो; गोठला की ते प्रतिबिंब धूसर होते. पंच बर्फावर आले तोवर ते धूसर झाले होते. त्या रात्रीचा आमचा तो सर्वांत चांगला बर्फ होता, असे मी आजही म्हणेन.

पंचाने पक टाकला. क्विनिपिॲकने फेसऑफ जिंकला, पक मागे आला आणि लगेच पुढे गेला, सॅम लिपकिनने तो जेकब क्विलनकडे दिला, क्विलनने गोलरक्षकाला चकवले आणि पक जाळ्यात गेला. घड्याळात १० सेकंद झाले होते. या स्पर्धेच्या अंतिम सामन्यात इतक्या लवकर संपलेले जादा सत्र पूर्वी कधी झाले नव्हते. ३-२. क्विनिपिॲकचे पहिले विजेतेपद. हातमोजे, हेल्मेट, काठ्या हवेत उडाल्या आणि सगळी मुले एका ढिगात कोसळली. मिनेसोटाचे खेळाडू जिथे होते तिथेच वाकून उभे राहिले. ते पाहताना मला २०१६ मधला तो बाक आठवला.

माझी नजर मात्र पकच्या वाटेवर होती. तो एकदाही उडाला नव्हता. पहिल्या पासपासून शेवटपर्यंत तो आडवा, सपाट, सरळ गेला होता. जिंकणे-हरणे त्या मुलांचे होते. तेवढे सपाटपण आम्ही दोन्ही संघांना दिले होते.

चषक देऊन झाला, लोक पांगले, तेव्हा मी बर्फावर चालत गेलो. एका बाजूला शेकडो पावलांचा आणि कागदी कपट्यांचा चिखल झाला होता. दुसरे टोक जवळजवळ कोरे होते. तिथे क्विनिपिॲकचा गोलरक्षक यानिव्ह पेरेत्स याने जादा सत्र सुरू होण्याआधी, सगळे गोलरक्षक करतात तसा, आपल्या गोलसमोरचा बर्फ पात्यांनी आडवा खरवडून घेतला होता, वीस मिनिटांच्या तयारीने. त्या खरवडलेल्या चौकोनापर्यंत एकही शॉट पोचला नव्हता. तिथून दोन पात्यांच्या लांब, खोल रेषा निघाल्या होत्या आणि त्या थेट समोरच्या गर्दीच्या दिशेने गेल्या होत्या.

भारतात तेव्हा रविवारची सकाळ होती. मी बाबांना फोन लावला.

“बर्फ कसा झाला?” त्यांनी विचारले.

“चांगला झाला, बाबा. तुम्ही बघायला हवा होता. दहा सेकंदच खेळले त्याच्यावर.”

“मग अजून आहे ना तिथं?”

“आहे.”

“पाणी कुठलं वापरता?” त्यांनी विचारले, आणि आम्ही पाण्याविषयी बराच वेळ बोललो. झॅम्बोनी पुन्हा आत आली, तशा त्या दोन रेषा तिच्याखाली गेल्या. मी यंत्रखोलीत जाऊन द्रावणाचे तापमान एक अंशाने वर घेतले आणि नोंदवहीत वेळ लिहिली.