आमची वाटचाल: एका झाकणाची तीन वर्षं

एका हाताने उघडणारं बाटलीचं झाकण. एवढंच आमचं उत्पादन. ते बाजारात यायला तीन वर्षं लागली, आणि त्यातलं पहिलं वर्ष आम्ही भलत्याच दाराला कुलूप लावण्यात घालवलं.

कल्पना कुणी पळवेल या धास्तीने मी सख्ख्या भावालासुद्धा ड्रॉइंग दाखवत नव्हतो. फर्मचे हिशेब वहिनी बघतात. त्यांनी एका संध्याकाळी एस्पासनेट, म्हणजे पेटंटं शोधायचं संकेतस्थळ, उघडलं आणि तासाभरात म्हणाल्या, "भाऊजी, हे तर कुणीतरी कधीच करून ठेवलंय." खरंच. कळ दाबली की स्प्रिंगने उघडणारी झाकणं तिथे ढिगाने होती. दोन दिवस तोंड पाडून बसलो. मग तीच पेटंटं वाचायला घेतली. पेटंटची मुदत अर्जापासून साधारण 20 वर्षं. ती उलटली की त्यातली युक्ती कुणीही वापरावी. अशाच एका जुन्या कागदाने स्प्रिंग कुठे बसवायची हा आमचा घोळ मिटवला. नवं म्हणण्यासारखं आमच्याकडे एकच उरलं: कळ आणि बिजागरी एकाच तुकड्यात.

पॉलिप्रॉपिलीनची पातळ बिजागरी हजारो वेळा वाकली तरी तुटत नाही. पण थंड होताना हे प्लास्टिक दीड-दोन टक्के आकसतं. थ्रीडी प्रिंटरवरचा नमुना घट्ट बसायचा, साच्यातून निघालेलं झाकण ठिबकायचं. साच्याचं पोलाद मुद्दाम जास्त ठेवायचं आणि चाचणी बघत कोरत जायचं, हे साचेवाल्याने शिकवलं. जास्त कोरलं गेलं तर वेल्डिंग करून भरत बसावं लागतं.

त्याच्याशी गोपनीयतेचा करार होता, पण साचा कुणाचा, हे त्यात लिहिलेलंच नव्हतं! पैसे आमचे, ड्रॉइंगं त्याच्या संगणकावर. नंतर अर्ध्या पानाची पुरवणी जोडली. माणूस सरळ होता म्हणून निभावलं.

खरा घोटाळा माझ्या हातून झाला. न गळणारा पहिला नमुना हातात आला त्या रात्री मी तो उघडमीट करतानाचा व्हिडिओ एका वितरकाला पाठवला. करार नाही, काही नाही. त्याने तो कौतुकाने चारचौघांत फिरवला. पेटंटचा अर्ज अजून व्हायचा होता. आमच्या पेटंट एजंटबाईंनी डोक्याला हात लावला: अर्जाआधीच गोष्ट उघड झाली की पेटंट हुकू शकतं. आपणच उघड केलेल्या गोष्टीला अमेरिकेत एक वर्षाची सवलत मिळते. युरोपात पेटंटला ती जवळजवळ नाहीच. आधी साधा तात्पुरता अर्ज जरी टाकला असता, तरी पेटंटांबाबतच्या पॅरिस करारानुसार (हवामानाचा तो वेगळा) पुढच्या 12 महिन्यांत बाकीच्या देशांत केलेल्या अर्जांना तीच तारीख धरली गेली असती. युरोपात डिझाइनच्या नोंदणीला मात्र 12 महिन्यांची सवलत आहे, म्हणून तिथे निदान झाकणाचं रूप वाचवलं. रूपच फक्त. कुणी आमची कळ उचलून वेगळ्या आकारात बसवली, तर तिथे आम्ही हात चोळत बसणार.

नावाचा ट्रेडमार्क तेवढा वेळेवर झाला. तो अर्ज वहिनींकडे होता.

सध्या दुसऱ्या झाकणाचं काम चालू आहे. नमुना वहिनींच्या कपाटात असतो. बघायला मागितला की त्या आधी माझा मोबाइल टेबलावर ठेवून घेतात.