गोठ्यात ठेवलेली बरणी

ईआर शून्य, पीआर शून्य, हर-टू शून्य. शुक्रवारी सकाळी स्लाइड्स मायक्रोस्कोपखाली घेतल्या, तर तिन्हींवर निळ्या रंगाखेरीज काही दिसेना. ईआर आणि पीआर ही हार्मोन पकडणारी प्रथिनं, हर-टू हे पेशीला वाढायला सांगणारं; कॅन्सरच्या पेशींत ती असली तर तपकिरी रंग येतो. अशा निकालाला 'ट्रिपल निगेटिव्ह' म्हणतात. स्तनाच्या कॅन्सरमधला हा आडदांड प्रकार. हार्मोनविरोधी गोळ्या त्याला लागू पडत नाहीत, हर-टूविरोधी औषध ट्रॅस्टुझुमॅबचा उपयोग नाही, सगळी भिस्त मुख्यतः केमोथेरपीवर. पेशंट ४१ वर्षांची. महात्मा फुले जनआरोग्य योजनेतून उपचार व्हायचे होते आणि मंजुरीसाठी माझा रिपोर्ट अडला होता. ऑन्कॉलॉजिस्टचा फोन आदल्या संध्याकाळीच येऊन गेलेला. पेशंटचा मुलगा, विशीतला पोरगा, लॅबबाहेरच्या बाकावर सकाळपासून बसून होता.

सही करून मोकळं होता आलं असतं. पण मला तो निकाल पटेना.

मी सोलापुरात पॅथॉलॉजिस्ट आहे. आजूबाजूच्या तालुक्यांतल्या लहान रुग्णालयांतून ऑपरेशननंतर काढलेले तुकडे आमच्याकडे तपासायला येतात. या बाईंच्या गाठीची साधी स्लाइड मी दोन दिवस आधीच पाहिली होती. पेशी बऱ्याच ठिकाणी नीट नळ्या करून बसलेल्या, केंद्रकं फारशी बिथरलेली नाहीत, विभाजन होत असलेल्या पेशी शोधाव्या लागत होत्या. म्हणजे खालच्या ग्रेडचा कॅन्सर. असा कॅन्सर बहुतेक वेळा ईआर पॉझिटिव्ह निघतो. ट्रिपल निगेटिव्ह सहसा दिसायलाही रागीट असतो. चेहरा एक सांगत होता आणि निकाल दुसरंच.

म्हणून कॅन्सर सोडून त्याच स्लाइडवरच्या निरोगी दुग्धनलिका पाहिल्या. कुठल्याही बाईच्या निरोगी स्तनात काही पेशींवर ईआर असतोच, त्यामुळे नलिकांमध्ये तपकिरी ठिपके दिसायलाच हवेत. तेही नव्हते. दुसरीकडे, आम्ही प्रत्येक वेळी सोबत लावतो तो माहितीतला पॉझिटिव्ह तुकडा छान तपकिरी झाला होता. रसायनं चोख, टेक्निशियनचं काम चोख. बिघाड होता तो खुद्द या बाईंच्या तुकड्यात.

अमेरिकेतल्या कॅन्सरतज्ज्ञांच्या आणि पॅथॉलॉजिस्टांच्या संघटनांनी मिळून २०१० मध्ये याविषयी मार्गदर्शक सूचना काढल्या आणि २०२० मध्ये त्या सुधारल्या. त्यांत हे स्पष्ट आहे: निरोगी नलिकाही कोऱ्या असतील तर 'निगेटिव्ह' लिहायचं नाही. 'निष्कर्ष काढता येत नाही' असं लिहायचं आणि दुसऱ्या तुकड्यावर तपासणी पुन्हा करायची.

पण दुसरा तुकडा आणायचा कुठून? ऑपरेशनपूर्वी फक्त बारीक सुईने पेशी ओढून तपासणी झाली होती, म्हणजे एफएनएसी. जाड सुईने गाठीचा तुकडा काढतात ती ट्रू-कट बायोप्सी नव्हतीच.

सोमवारी हाच मुलगा बरणी घेऊन आला होता, ते आठवलं. कापडी पिशवीत लोणच्याची प्लास्टिकची बरणी, आत अख्खा स्तन कोंबलेला, तुकडा टिकवणारं फॉर्मॅलिन जेमतेम चार बोटं. ऑपरेशन शनिवारी संध्याकाळी झालं. बरणी नातेवाइकांच्या हातात दिली गेली, आणि रविवारी लॅब बंद म्हणून पोराने ती घरी नेली. आजीला आणि लहान बहिणीला दिसू नये म्हणून दोन रात्री गोठ्यात कडब्याच्या आड ठेवली आणि सोमवारी पहिल्या एसटीने सोलापूर गाठलं. त्याने आपल्या परीने फार जपून आणली होती ती. तोंड इतकं अरुंद होतं की स्तन बाहेर काढायला आम्हाला बरणी कापावी लागली. चिरून पाहिलं तर वरून राखाडी आणि टणक, मधोमध मात्र गुलाबी, मऊ, जवळजवळ सडू लागलेला.

फॉर्मॅलिन मांसात फार हळू मुरतं, तासाला साधारण एक मिलिमीटर, आणि पुढे पुढे आणखी सावकाश. स्तनात चरबी पुष्कळ, त्यातून तर अधिकच हळू. अख्खा स्तन न चिरता टाकला की मधल्या गाठीपर्यंत औषध पोचेतो तिथली प्रथिनं विरघळायला लागतात. ईआर हे असंच एक प्रथिन. कॅन्सरमध्ये ते होतं की नव्हतं, हे मग कुणालाच कळत नाही. स्लाइड कोरी दिसते इतकंच.

सुदैवाने पिशवीत आणखी एक लहान बाटली होती. काखेतल्या गाठी, म्हणजे लसिकाग्रंथी, सर्जननी वेगळ्या काढल्या होत्या आणि ओटीतल्या, म्हणजे ऑपरेशन थिएटरमधल्या, सिस्टरनी त्या लगेच भरपूर फॉर्मॅलिनमध्ये टाकल्या होत्या. त्या १४ गाठींपैकी ५ मध्ये कॅन्सर पोचलेला. म्हणजे त्याच कॅन्सरच्या पेशी, पण नीट टिकलेल्या.

मी टेक्निशियनला काखेतल्या गाठीचा ब्लॉक, म्हणजे मेणात बसवलेला तुकडा, काढायला सांगितला. पातळ काप स्लाइडवर घेऊन भट्टीत ठेवायचे, मग बफरमध्ये बुडवून प्रेशर कुकरमध्ये उकळायचे. हो, घरच्यासारखाच कुकर. फॉर्मॅलिनने झाकलेली प्रथिनं त्या उष्णतेने पुन्हा उघडी होतात. त्यानंतर अँटिबॉडी, धुणं, दुसरी अँटिबॉडी, पुन्हा धुणं, शेवटी रंग. दिवस त्यातच जातो. दुपारी ऑन्कॉलॉजिस्टचा पुन्हा फोन आला. मी कारण सांगितल्यावर ते म्हणाले, "थांबतो मॅडम. पण खात्रीचं काहीतरी द्या."

पोराला मी चहा आणि जेवण घेऊन यायला पाठवलं. परत आला तेव्हा त्याने विचारलं, "मॅडम, माझ्यामुळं काय बिघडलं का?" मी त्याला समोर बसवलं आणि नीट सांगितलं की त्याच्यामुळे काहीही बिघडलेलं नाही. बरणी कशी असावी, त्यात काय आणि किती असावं, हे ठरवणं आम्हा डॉक्टर लोकांचं काम आहे. एका विशीतल्या मुलाच्या मांडीवर ते ओझं देणंच चुकीचं होतं, असं मला आजही वाटतं.

सातच्या सुमारास स्लाइड्स तयार झाल्या. काखेतल्या गाठीतल्या कॅन्सरच्या दहातल्या नऊ पेशींची केंद्रकं गडद तपकिरी. ईआर पॉझिटिव्ह, तोही जोरदार. पीआरही पॉझिटिव्ह. हर-टू १+, म्हणजे निगेटिव्ह. मी टेक्निशियनला बोलावून दाखवलं, तो बराच वेळ मायक्रोस्कोपवरून उठेना.

यातून काय बदललं ते सांगते. काखेतल्या पाच गाठींत कॅन्सर होता, तेव्हा केमोथेरपी तिला तशीही लागलीच असती, रेडिएशनही. राहून गेली असती ती टॅमॉक्सिफेनची २० मिलिग्रॅमची रोजची गोळी. ईआर पॉझिटिव्ह कॅन्सरमध्ये ही गोळी पाच वर्षं घेतली तर पुढच्या पंधरा वर्षांत या आजाराने होणारे मृत्यू साधारण एक तृतीयांशाने कमी होतात, हे हजारो स्त्रियांच्या चाचण्या एकत्र करून सिद्ध झालेलं आहे. टपरीवरच्या चहापेक्षा स्वस्त गोळी. ती एका चुकीच्या शून्यामुळे तिला कधी मिळालीच नसती. आणि असं झालं हे कुणाला कळलंही नसतं. पुढे आजार उलटला असता तर सगळे म्हणाले असते, नशीब.

रात्री मी सर्जनना फोन केला. तालुक्यात तीस वर्षं काम केलेले, सिझेरियनपासून अपेंडिक्सपर्यंत सगळं सांभाळणारे माणूस. मला धाकधूक होती. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "फॉर्मॅलिनमध्ये बुडलं म्हणजे झालं, असंच आम्ही समजत आलो. तुम्ही एकदा येऊन आमच्या ओटीवाल्यांना दाखवा."

रविवारी गेले. ओटीत दोन सिस्टर, वॉर्डबॉय मामा आणि स्वतः सर्जन सर. फॉर्मॅलिनच्या कॅनमध्ये नळाचं पाणी अंदाजाने घातलं जात होतं. आम्ही मोजून केलं: एक भाग फॉर्मॅलिन, नऊ भाग पाणी, आणि लिटरला ४ ग्रॅम व ६.५ ग्रॅम असे सोडियम फॉस्फेटचे दोन क्षार, म्हणजे ते आंबट होत नाही. बरणीऐवजी झाकणाची रुंद तोंडाची बादली, तुकड्याच्या निदान दहापट फॉर्मॅलिन मावेल अशी. स्तन बाहेर आला की वरच्या बाजूला आखूड धागा आणि बाहेरच्या बाजूला लांब धागा बांधायचा, म्हणजे आम्हाला दिशा कळते. मग मागच्या बाजूने गाठीतून एक सरळ छेद, मध्ये गॉज. मागची कड आधी शाईने रंगवून ठेवायची, नाहीतर कॅन्सर कडेपर्यंत आला होता का हे नंतर सांगता येत नाही. हे सगळं तासाच्या आत. फॉर्मॅलिनमध्ये किमान ६ तास, जास्तीत जास्त ७२. फॉर्मवर दोन वेळा लिहायच्या: तुकडा बाहेर निघाला ती आणि फॉर्मॅलिनमध्ये पडला ती. काखेच्या गाठी लगेच टाकणाऱ्या सिस्टरला मी सर्वांसमोर सांगितलं की या केसमधला निम्मा उपचार तुमच्या हाताने झाला आहे. त्या म्हणाल्या, "लहान तुकडे लगेच टाकायचे एवढंच ट्रेनिंगमध्ये शिकवलं होतं, मॅडम."

माझा खरा आग्रह दुसऱ्याच गोष्टीसाठी होता, आणि तो सरांनी मान्य केला याचा मला अधिक आनंद आहे. आधी ट्रू-कट, मग ऑपरेशनचा विचार. जागा बधिर करून जाड सुईने गाठीचे चार-पाच बारीक धागे काढायचे, ओपीडीत काही मिनिटांत होतं. धागे बारीक, त्यामुळे फॉर्मॅलिन लगेच मुरतं आणि ईआर, हर-टू खात्रीचे मिळतात. गाठ मोठी असेल तर आधी केमो देऊन ती लहान करता येते, अनेकींचा स्तन वाचू शकतो. सुरीच आधी चालली तर ती वाट बंद होते. गाठ दिसली की त्याच आठवड्यात काढून टाकायची, ही घाई पेशंटच्या घरच्यांना धीर देते, पण तिचं नुकसान करते.

टाटा मेमोरियलच्या पुढाकाराने २०१२ मध्ये उभ्या राहिलेल्या नॅशनल कॅन्सर ग्रिडची मार्गदर्शक तत्त्वं आपल्याच देशातल्या परिस्थितीसाठी लिहिलेली आहेत आणि कुणालाही मोफत मिळतात. सरांनी त्यांतली स्तनाच्या कॅन्सरची पानं छापून ओटीच्या बाहेर लावली. तालुक्याच्या रुग्णालयात रेडिएशन देणारं लिनिअर अॅक्सिलरेटर यंत्र येणार नाही, यायची गरजही नाही. बादली, क्षार, घड्याळ आणि ट्रू-कटची सुई मात्र आजच आणता येते.

त्या बाईंची केमो झाली, बार्शीच्या कॅन्सर रुग्णालयात रेडिएशन झालं, आता टॅमॉक्सिफेन चालू आहे. मध्यंतरी एका फॉलोअपनंतर लॅबमध्ये येऊन गेल्या. "गोळी चुकवत नाय बाई मी," म्हणाल्या, "पोरानं मोबाइलमदी गजर लावून दिलाय."

हे वाचणाऱ्यांपैकी कुणाच्या घरी अशी वेळ आली, तर ऑपरेशनच्या आधी डॉक्टरांना विचारा: ट्रू-कट झाली का, ईआर, पीआर, हर-टू कळलं का? तुकडा तुमच्या हातात दिला गेला, तर तो कशात आहे आणि लॅब कधी उघडते हेही विचारा, आणि शनिवारी संध्याकाळचं ऑपरेशन सोमवारवर ढकलता येत असेल तर ढकला. रिपोर्टसोबत ब्लॉकचा नंबर जपून ठेवा. मेणाचे ते ब्लॉक लॅब सांभाळून ठेवते, आणि शंका आली तर दुसरीकडे तपासायला मागून घेता येतात.