घातचतुर्दशीचं पान

शनिवार, २० सप्टेंबर २०२५

आमच्या घरचा म्हाळ (पितृपक्षातलं श्राद्ध) पंचमीला होऊन गेला. तरी आज आत्याबाईंनी (सासूबाईंना आमच्याकडे असंच म्हणतात) आणखी एक पान वाढलं. भात, आमटी, वडे, गवारीची भाजी, खीर. पत्र्यावर ठेवलं आणि कावळा शिवेपर्यंत आम्ही सगळे उपाशी. दरवर्षी हेच. लग्न होऊन आले त्या वर्षी विचारलं होतं, हे कुणाचं? "सासूबाई ठेवायच्या म्हणून ठेवते," एवढंच उत्तर मिळालं.

घातचतुर्दशीला पान असतं ते शस्त्राने, अपघाताने गेलेल्यांचं. म्हणजे या घरात कुणीतरी तसं गेलं होतं.

तात्यांनी, म्हणजे सासऱ्यांनी, एकदाच, तेही बिडी विझवताना सांगितलं, "आमच्या आज्याचा धाकटा भाऊ. बसऱ्याला गेला. परत न्हाय आला." नाव? आठवेना.

२०२३च्या शेवटी कुणबी नोंदींसाठी गावोगाव जुनी दप्तरं उघडली, तेव्हा आम्हीही रांगेत होतो. दाखला हवा होता दिराला. मोडी वाचणाऱ्या गुरुजींनी कोतवाल बुकात (गावातल्या जन्म-मृत्यूंच्या जुन्या नोंदवहीत) खापरपणजोबांच्या नावापुढे तीन जन्म काढून दिले. तिन्ही ठिकाणी बापाचं नाव, जात आणि पुढे नुसतं 'मुलगा'. बाळाचं नाव कुठेच नाही. बारशाआधीच नोंद व्हायची बहुतेक. खापरपणजोबा गेल्यानंतरच्या वारसाच्या फेरफारात मात्र दोघंच. तिसरा मधल्या काळात कुठेतरी गळाला. कोतवाल बुकात मरण लिहायचे ते गावात झालेलं. बाहेर मेलेल्याला त्यात जागा नव्हती. आणि ज्याच्यामागे जमीन मागणारं पोर नाही, त्याची आठवण तलाठ्याने का ठेवावी? त्याची बायकोही कुठल्या कागदावर नाही. माहेरी गेली म्हणे. कुंकू लावून गेली की पुसून, हे तात्यांनाही माहीत नाही.

मग बसरा. १९१४च्या महायुद्धात मराठा पलटणी मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात होत्या; बसरा तिथलंच. १०३, ११० आणि ११७ नंबरच्या तर तिथल्या कुत गावाला तुर्कांनी घातलेल्या वेढ्यात अडकल्या. ७ डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६. शेवटी घोडे कापून खायची वेळ आली. शरणागतीनंतर कैद्यांना वाळवंटातून चालवत नेलं, आणि हिंदी शिपायांपैकी पुष्कळ जण रास-अल-ऐनला (आजच्या सीरियात) रेल्वेच्या कामावर लागले. आमचा माणूस यांतल्या कुठल्या पलटणीत होता, की साधा खेचरं हाकणारा होता, काही कळायला मार्ग नाही. बसऱ्याला जे मोठं स्मारक आहे, त्यावर चाळीस हजारांच्या वर माणसांची आठवण आहे. पण हिंदी शिपायांची नावं कोरली नाहीत, पलटणीखाली नुसती संख्या. त्याबद्दल वॉर ग्रेव्ह्ज कमिशनने (युद्धात मेलेल्यांच्या कबरी आणि स्मारकं सांभाळणारी संस्था) २०२१मध्ये माफी मागितली. त्यांची यादी मी रात्र रात्र चाळली. इंग्रजी कारकुनाने ऐकून लिहिलेली गावांची नावं वाचता वाचता हसू येतं आणि पोटात कालवतंही. पण ज्याचं नावच माहीत नाही, त्याला शोधायचं कशावरून?

राहिला चावडीजवळचा दगड. आपल्या भागात असे दगड बऱ्याच गावांत आहेत: या गावातून इतकी माणसं महायुद्धाला गेली, त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले. अक्षरं इंग्रजी. आमच्या गावच्या दगडावर दर ग्रामपंचायत निवडणुकीला ऑइलपेंटचा नवा थर चढतो, त्यामुळे अक्षरं पार बुजलीत. आज कावळा पान घेऊन गेल्यावर मी मुद्दाम गेले. शेवटच्या आकड्यावरून बोट फिरवलं. इंग्रजी 3 आहे की 8, समजेना. डावीकडची पोकळी रंगाने भरली असावी, किंवा तिथे मुळात रेघच असावी.

फरक पडतो. ३ असेल तर ती तिन्ही घरं गावाला पाठ आहेत, आणि त्यांत आमचं नाही. ८ असेल तर अजून पाच जागा आहेत.

तात्यांना सांगितलं. ते म्हणाले, "थिनर नेऊ नको, दगड खाईल. चिंचेचं पाणी आन् नारळाची शेंडी घे. मी पन येतो उद्या, सकाळी ऊन चढायच्या आत."