पेट डिटेक्टरची जोडी: काठाच्या दोन रांगा अखेर वेगळ्या झाल्या

पेट (पॉझिट्रॉन उत्सर्जन टोमोग्राफी) पद्धतीच्या माझ्या डिटेक्टर जोडीला बिंदूएवढा स्रोत किती रुंद दिसतो, म्हणजे त्याच्या आलेखाची अर्ध्या उंचीवरची रुंदी किती, हे मी मोजतो आहे. मागच्या नोंदीत ज्या २.१ मिमीने मला अडवून धरले होते तो आकडा काल रात्री १.५ मिमीवर आला. मांडणी तीच आहे: २ मिमी रुंद आणि २० मिमी लांब एलवायएसओ स्फटिकांचे (ल्युटेशियमयुक्त, फोटॉन शोषून प्रकाश देणारे) १२ × १२ चे दोन ब्लॉक २०० मिमी अंतरावर समोरासमोर, प्रत्येकामागे ३ मिमी पिक्सेलांची ८ × ८ एसआयपीएम (तो प्रकाश टिपणारे सिलिकॉन संवेदक) आणि मधोमध सोडियम-२२ चा, म्हणजे पॉझिट्रॉन (धनभारित इलेक्ट्रॉन) सोडणाऱ्या पदार्थाचा, सीलबंद बिंदुस्रोत.

ही रुंदी किती यावी याचा अंदाज डेरेन्झो आणि मोझेस यांच्या सूत्राने बांधता येतो; त्यातला प्रतिमेच्या पुनर्रचनेचा १.२५ हा गुणक येथे लागू होत नाही. उरलेले घटक पाहिले तर स्फटिकाच्या रुंदीचा निम्मा भाग म्हणजे १ मिमी होतो. पॉझिट्रॉन इलेक्ट्रॉनला भिडून नष्ट होताना निघणारे दोन फोटॉन नेमक्या १८० अंशांत निघत नाहीत म्हणून अंतराच्या ०.००२२ पट, म्हणजे ०.४४ मिमी येतात. पॉझिट्रॉनची वाटचाल आणि स्रोताचा आकार मिळून अर्धा मिलिमीटर सढळ हाताने धरला, तरी वर्गांच्या बेरजेचे वर्गमूळ १.२ मिमीच्या पुढे जात नाही. आधी मी पॉझिट्रॉनलाच दोष देत होतो, पण सोडियम-२२ च्या पॉझिट्रॉनची कमाल ऊर्जा सुमारे ०.५५ एमईव्ही, म्हणजे पेटमध्ये नेहमी वापरल्या जाणाऱ्या फ्लोरिन-१८ पेक्षाही कमी असते. रुबिडियम-८२ सारखा सुमारे ३.४ एमईव्हीचा स्रोत असता तर ती शंका रास्त ठरली असती. २.१ च्या वर्गातून १.२ चा वर्ग वजा केल्यावर १.७ मिमीचा हिशेब लागत नव्हता, आणि ही जवळजवळ एका स्फटिकाची रुंदी आहे. फोटॉन एका स्फटिकात थांबत होता आणि नोंद शेजारच्या स्फटिकाच्या नावावर होत होती.

मग स्रोत बाजूला ठेवून अंधाऱ्या पेटीत रात्रभर फक्त स्फटिकांतल्याच ल्युटेशियम-१७६ च्या अंगभूत किरणोत्सारावर फ्लड मॅप घेतला, म्हणजे प्रत्येक स्फटिक एका ठिपक्याने दाखवणारा नकाशा. मधले ठिपके मोत्यांसारखे सुटे होते, मात्र चारही काठांच्या शेवटच्या दोन रांगा एकमेकींत मिसळून एकच जाड पट्टी झाली होती. केवळ मधल्या ८ × ८ स्फटिकांच्या घटना घेऊन पुन्हा मोजले, तर अर्ध्या उंचीवरची रुंदी थेट १.३ मिमी निघाली. तो आलेख मी कितीतरी वेळ पाहत बसलो होतो.

दोष लाइट गाइडच्या (स्फटिक आणि एसआयपीएम यांच्यामधल्या, प्रकाश पसरवणाऱ्या पारदर्शक थराच्या) कडांना गुंडाळलेल्या पांढऱ्या टेफ्लॉन टेपचा होता. प्रकाश वाया जाऊ नये म्हणून ती मीच लावली होती, पण काठाच्या स्फटिकातून आलेला प्रकाश तिच्यावरून आत परतत असे आणि ज्यावरून स्फटिक ओळखला जातो तो प्रकाशाचा गुरुत्वमध्य आतल्या रांगेकडे ओढला जात असे. टेप काढून कडांना काळा मॅट रंग दिल्यावर बाहेरची रांग वेगळी दिसू लागली. त्याची किंमत मोजावी लागली: काठावरचे ऊर्जा-विभेदन (ऊर्जा किती अचूक मोजली जाते ते; आकडा कमी तितके चांगले) १४ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर घसरले. माझ्या मते हा सौदा निःसंशय फायद्याचा आहे. वारंवार उघडायच्या जोडणीत ऑप्टिकल ग्रीस (दोन पृष्ठभागांतली हवेची फट भरणारे पारदर्शक वंगण) वापरू नये, हेही या खटाटोपात पक्के झाले. प्रत्येक वेळी नवे बुडबुडे अडकतात, तर सिलिकोनचा पॅड पाच वेळा काढून लावला तरी नकाशा जागचा हलत नाही.

१.५ च्या वर्गातून १.२ चा वर्ग वजा केल्यावर शिल्लक राहिलेल्या ०.९ मिमीतला मोठा वाटा स्फटिकांमधल्या विकिरणाचा असावा. ५११ केईव्हीला, म्हणजे या फोटॉनांच्या ऊर्जेला, एलवायएसओमध्ये पहिल्याच धडकेत पूर्ण शोषण जेमतेम एक तृतीयांश फोटॉनांचे होते. बाकीचे बहुतांशी कॉम्प्टन विकिरणाने, म्हणजे इलेक्ट्रॉनवर आदळून दिशा बदलत, थोडी ऊर्जा एका ठिकाणी आणि उरलेली शेजारी सोडतात. ऊर्जेची खिडकी (ज्या मर्यादेतल्या ऊर्जेच्या नोंदी स्वीकारायच्या ती) अरुंद करून याला फारसा आळा बसत नाही, कारण दोन्ही ठेवी एकाच ब्लॉकमध्ये पडल्या तर बेरीज ५११ च भरते.

पुढे १ मिमीचे स्फटिक आणायचे ठरवले होते, पण हे लिहितानाच तो बेत मागे पडतो आहे. स्रोत मध्यापासून बाजूला सरकवण्याऐवजी एक ब्लॉक ३० अंश वळवला, तर २० मिमी लांबीमुळे येणारा पॅरॅलॅक्स (तिरप्या फोटॉनाची शोषणाची खोली न कळल्याने जागेत होणारी चूक) एकटा मोजता येईल. तो अपेक्षेइतका मोठा निघाला, तर बारीक स्फटिकांआधी दोन्ही टोकांना एसआयपीएम लावून आंतरक्रियेची खोली, म्हणजे फोटॉन स्फटिकात किती आत शोषला गेला ते, मोजणेच योग्य ठरेल. वळवण्याची बैठक उद्या कापायला घेतो आहे. तोवर काळा रंग दुसऱ्या ब्लॉकलाही लागलेला असेल.