गिल्बर्ट हिलचं वय आणि मिशिगनमधला वर्ग

मुंबईच्या माणसाला ख्रिस्ती कॉलेज नवीन नाही. विल्सन १८३२ सालचं, झेवियर्स १८६९ सालचं. आमच्या अंधेरीच्या बिल्डिंगमध्येच झेवियर्सला शिकलेली बरीच मंडळी आहेत आणि त्यांच्यातल्या एकालाही पदवीसाठी बायबलचा पेपर द्यावा लागला नाही. अभ्यासक्रम मुंबई विद्यापीठाच्या चौकटीतला, भिंतीवर क्रूस, फार तर एखादे फादर प्राचार्य. त्यामुळे मी अमेरिकेतल्या मिशिगनमध्ये एका ख्रिस्ती कॉलेजात फिजिकल सायन्स शिकते असं सांगितलं की शेजारच्या काकूंचं उत्तर ठरलेलं, "म्हणजे तिकडचं झेवियर्सच की!"

नाही हो काकू. बरंच वेगळं आहे. सध्या उन्हाळ्याच्या सुट्टीत घरी आले आहे आणि तोच खुलासा दर मजल्यावर करून दमले, म्हणून एकदा लिहूनच टाकते.

पश्चिम मिशिगनमध्ये एकोणिसाव्या शतकात डच लोक येऊन वसले. त्यांनी शेतं केली, चर्च बांधली, मग कॉलेजं काढली. हॉलंड गावातलं होप कॉलेज १८६६चं, ग्रँड रॅपिड्समधलं कॅल्विन १८७६चं. माझं कॉलेज त्याच पठडीतलं, आणखी लहान. नाव लिहीत नाही, कारण पुढे थोडी कुरकुर आहे. इथे धर्म भिंतीवर लटकत नाही, तो वेळापत्रकात असतो. जुना करार, नवा करार, धर्मशास्त्राची ओळख हे विषय सगळ्यांना सक्तीचे, मग तुम्ही केमिस्ट्रीवाले असा की अकाउंट्सवाले. आठवड्यातल्या काही सकाळी चॅपल, म्हणजे सामूहिक प्रार्थनासभा, असतं आणि त्याची हजेरी लागते. प्राध्यापकांना नेमणुकीच्या वेळी श्रद्धेच्या जाहीरनाम्यावर सही करावी लागते. विद्यार्थ्यांना आमच्याकडे ती अट नाही, पण कॅम्पसवर दारू नाही वगैरे वागणुकीचे नियम सही करून मान्य करावे लागतात. (हे ऐकून आजीला कॉलेज एकदम आवडायला लागलं.)

फिजिकल सायन्स म्हणजे निव्वळ फिजिक्स नव्हे. फिजिक्स, केमिस्ट्री, भूगर्भशास्त्र आणि खगोलशास्त्र या चारांची मोट. शाळेत विज्ञान शिकवायचंय अशी मुलं बहुधा ही पदवी घेतात, मीही त्याच विचाराने घेतली. आपल्याकडच्या बीएस्सीत तिसऱ्या वर्षाला येईपर्यंत एका विषयाचं कुंपण पडतं, आणि भूगर्भशास्त्र तर मुंबईतल्या मोजक्याच कॉलेजांत मिळतं. इथे सकाळी कॅल्क्युलस लावून चुंबकीय क्षेत्र काढायचं, दुपारी अॅसिडचा थेंब टाकून चुनखडी ओळखायची आणि रात्री दुर्बिणीजवळ कुडकुडत उभं राहायचं. त्या कुडकुडण्याचंही शास्त्र शिकवतात. मिशिगन सरोवराचं पाणी हिवाळ्याच्या सुरुवातीला हवेपेक्षा उबदार असतं. पश्चिमेकडून येणारी कोरडी थंड हवा त्यावरून जाताना बाष्प उचलते आणि आमच्या किनाऱ्यावर आली की सगळं बर्फाच्या रूपात ओतते. पलीकडच्या विस्कॉन्सिनच्या किनाऱ्याला त्यातलं फारसं काही मिळत नाही.

आता सगळ्यांच्या मनातला प्रश्न. आजीने तो सरळ विचारला, "बाटवतील का गं तुला?" नाही. चर्चला चल, असं पुष्कळांनी म्हटलं. थँक्सगिव्हिंगला घरी जेवायला बोलावलं, मी शाकाहारी म्हणून वेगळा पदार्थ केला. माझ्यासाठी प्रार्थना करतात हेही मला माहीत आहे, मुद्दाम सांगतातच. त्याचा मला त्रास नाही. त्रास झाला तो एका चॅपलला. बाहेरून आलेल्या वक्त्याने भारतातल्या एका देवळाचा फोटो पडद्यावर लावला आणि 'अंधारातले लोक' या विषयावर बराच वेळ बोलला. मी तिसऱ्या रांगेत बसलेली. नंतर कार्यालयात जाऊन तक्रार केली. खूप गोड बोलून ऐकून घेतली, पुढे काही झालं नाही. अशा ठिकाणी यायचं तर हे कधीतरी वाट्याला येणार हे धरून चाला.

पण मला सांगायचंय ते भूगर्भशास्त्राच्या वर्गाबद्दल.

वर्गात एक मुलगा होता, इंडियानाच्या खेड्यातला, बारावीपर्यंत घरीच शिकलेला. हुशार, नम्र, गणितात माझ्यापेक्षा तयार. पृथ्वी सहा हजार वर्षांची आहे असं त्याला लहानपणापासून शिकवलेलं. या आकड्याची कुळकथा अशी की १६५०मध्ये जेम्स अशर नावाच्या आयरिश आर्चबिशपांनी बायबलमधल्या वंशावळी आणि राजांच्या कारकिर्दी जुळवून सृष्टीची सुरुवात इसवी सनपूर्व ४००४ला झाली असं काढलं. अमेरिकेत काही ख्रिस्ती कॉलेजं आजही याच्या आसपासचंच वय मानतात. आमचं मानत नाही. आमच्या प्राध्यापकांनी पहिल्याच तासाला फळ्यावर ४५४ कोटी वर्षं असं लिहिलं, आणि हे गृहस्थ रविवारी चर्चच्या वडीलमंडळात, म्हणजे कारभारी मंडळात, बसतात.

मुलाने हात वर केला आणि विचारलं, "हे तुम्हाला कसं माहीत?"

मुंबईत हा प्रश्न कोणी विचारल्याचं मला आठवत नाही. बारावीला अर्धायुष्याचं (निम्मे अणू फुटायला लागणाऱ्या काळाचं) सूत्र पाठ केलं, सीईटीला त्यावरचं गणित आलं, पर्यायावर गोल केला, संपलं. पृथ्वीच्या वयाबद्दल शंका असलेलं वर्गात कोणी नव्हतं, म्हणून पुरावा काय असं विचारणारंही कोणी नव्हतं. आम्ही सगळे बरोबर होतो आणि कशामुळे बरोबर आहोत ते आमच्यापैकी कोणाला सांगता आलं नसतं.

त्या सत्रात प्रत्येकाने आपल्या गावचा खडक घेऊन त्यावर बोलायचं होतं. मी गिल्बर्ट हिल घेतली. अंधेरीकरांना सांगायला नको, पण बाकीच्यांसाठी: पश्चिमेला इमारतींच्या गर्दीत सुमारे दोनशे फूट उंच, काळाकभिन्न, सरळ उभ्या खांबांचा बेसॉल्टचा सुळका आहे, माथ्यावर गावदेवीचं देऊळ. लहानपणी नवरात्रात पायऱ्या चढून जायचो तेव्हा ते खांब कोणी रचले असतील असं वाटायचं. लाव्हा थंड होताना आकसतो आणि त्याला उभ्या भेगा पडतात, हे नंतर कळलं. वय सहा ते साडेसहा कोटी वर्षं, दख्खनच्या पठाराच्या ज्वालामुखींच्या काळातलं.

मी हा आकडा म्हणाले आणि इंडियानाच्या पठ्ठ्याचा हात वर. सांगणं भागच होतं.

तर ते असं. खडकात पोटॅशियम असतं आणि त्याचा अगदी थोडा भाग पोटॅशियम-४० असतो, तो किरणोत्सारी, म्हणजे त्याचे अणू आपोआप फुटत राहतात. त्याचं अर्धायुष्य सुमारे १२५ कोटी वर्षं. फुटणाऱ्या अणूंपैकी साधारण दहावा हिस्सा आर्गॉन होतो, बाकीचा कॅल्शियम. आर्गॉन वायू आहे. लाव्हा पातळ असेपर्यंत तो निसटून जातो, खडक घट्ट झाला की आतच अडकतो. म्हणजे खडक थिजला त्या क्षणी घड्याळ शून्यावर येतं. आता किती पोटॅशियम आहे आणि किती आर्गॉन साठलाय हे मोजलं की काळ निघतो. गिल्बर्ट हिलच्या वयात पोटॅशियम-४० पैकी फार तर साडेतीन टक्के संपतं, त्यामुळे मोजणी नाजूक असते आणि खडक झिजलेला असेल तर आर्गॉन गळून वय कमी दिसू शकतं.

"पण अणू फुटण्याचा वेग पूर्वीही हाच होता कशावरून?" पुढचा प्रश्न. हा मूर्ख प्रश्न नाही. मला उत्तर येत नव्हतं, प्राध्यापकांनी दिलं आणि ते मी आयुष्यभर विसरणार नाही. १९८७च्या फेब्रुवारीत शेजारच्या दीर्घिकेत एक तारा फुटलेला दिसला. अंतर सुमारे १ लाख ६८ हजार प्रकाशवर्षं, म्हणजे तो प्रत्यक्षात तितकी वर्षं आधी फुटला होता. स्फोटानंतर त्याचा उजेड महिनोन् महिने ज्या गतीने मंद होत गेला ती गती कोबाल्ट-५६ या किरणोत्सारी अणूच्या क्षयाची, म्हणजे फुटत जाण्याची, होती. प्रयोगशाळेत मोजा, अर्धायुष्य ७७ दिवस. तिथे आकाशात मोजा, तेच ७७ दिवस. इतक्या जुन्या अणूंनाही तोच नियम लागू होता.

मुलगा म्हणाला की देवाने तो उजेड वाटेतच निर्माण केला असेल. प्राध्यापक म्हणाले, असं असेल तर न घडलेल्या स्फोटाचं चित्र देवाने आपल्याला दाखवलं, आणि असा देव मला बायबलमध्ये सापडत नाही. हे उत्तर मुंबईतल्या कोणत्याही फिजिक्सच्या सरांनी दिलं नसतं, द्यायचं कारणही नव्हतं. पण त्या मुलाला नेमकं तेच उत्तर हवं होतं. तो लगेच बदलला असं मात्र नाही. सत्र संपेपर्यंत "मी विचार करतोय" इतकंच म्हणत राहिला.

प्राध्यापकांचं हे धाडस हवेतून आलेलं नाही. या डच परंपरेचं १५६१चं एक श्रद्धापत्रक आहे, बेल्जिक कबुलीजबाब. त्याच्या दुसऱ्या कलमात म्हटलंय की देव दोन मार्गांनी कळतो, एक शास्त्रवचन आणि दुसरं सृष्टी, जी सुंदर ग्रंथासारखी आपल्यापुढे उघडी आहे. ग्रंथ आहे म्हटल्यावर वाचायला हवा, खडकासकट. केंब्रिजच्या जुन्या कॅव्हेंडिश प्रयोगशाळेच्या दारावर १११व्या स्तोत्राची ओळ लॅटिनमध्ये कोरलेली आहे, 'परमेश्वराची कृत्ये थोर आहेत' या आशयाची. आमच्या कॉरिडॉरमध्ये तिचा फोटो आहे, शेजारी फॅरडे, मॅक्सवेल आणि विश्व प्रसरण पावतंय हे १९२७मध्ये मांडणारे बेल्जियन धर्मगुरू लमेत्र. खरं सांगू, त्या तसबिरींचा मला कंटाळा येतो. मॅक्सवेल भाविक होता म्हणून त्याची समीकरणं बरोबर ठरत नाहीत. आपल्या व्हॉट्सअॅपवर आर्यभटाचं जे चाललेलं असतं त्याचीच ही तिकडची आवृत्ती.

त्यावरून आमचे मामा. ४५४ कोटी हा आकडा ऐकताच म्हणाले, "आपल्याकडे आधीच सांगितलंय. कल्प ४३२ कोटी वर्षांचा." खरंय, सत्यनारायणाच्या संकल्पात गुरुजी श्वेतवाराहकल्पे म्हणतात तो हाच कल्प, आणि इतका मोठा काळ मनात धरणाऱ्या पूर्वजांचं मला कौतुक आहे. पण मामा, त्यासाठी कोणी दगड फोडून आर्गॉन मोजला नव्हता. आणि आकडे जुळण्यावरच जायचं तर विश्वाचं वय १३८० कोटी निघतं, त्याचं काय करायचं? मामांनी चहा मागितला.

या सगळ्याला मुंबईचा एक जुना धागा आहे. अमेरिकन मिशनरी मुंबईत १८१३ला आले, अमेरिकन मराठी मिशन त्यांचंच. १८४२ला त्यांनी अहमदनगरहून 'ज्ञानोदय' सुरू केलं. त्या काळातल्या वादांत मिशनरी मंडळींचं आवडतं हत्यार म्हणजे खगोल आणि भूगोल: मेरू पर्वत कुठाय, दुधा-दह्याचे समुद्र कुठायत, दाखवा. विज्ञानापुढे पुराण टिकत नाही असं सांगत त्यांनी आपल्या शास्त्रीबुवांना जेरीस आणलं. आज त्याच अमेरिकेतल्या काही चर्चमधली मुलं खडकाचं वय ऐकून अस्वस्थ होतात आणि अंधेरीची मुलगी त्यांना आर्गॉन समजावते. मला यात सूड वगैरे वाटत नाही, पण हसू येतं.

आता कोणाच्या घरी अर्ज करायचा विचार असेल तर थोडं कामाचं. एफ-१, म्हणजे विद्यार्थी व्हिसावर सत्र चालू असताना कॅम्पसवर आठवड्याला २० तास काम करता येतं, मी लॅबमध्ये काचसामान धुण्यापासून सुरुवात केली. पदवीनंतर वर्षभर काम करायची परवानगी मिळते आणि विषय स्टेमच्या (विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी, गणित) यादीत असेल तर आणखी २४ महिने. शिक्षकी परवान्यासाठीची पदवी काही ठिकाणी शिक्षणशास्त्र या सदरात नोंदवतात, तेव्हा आपल्या पदवीचा यादीतला कोड आधी विचारून घ्या, नंतर रडून उपयोग नाही.

कॉलेजचा श्रद्धेचा जाहीरनामा वेबसाइटवर असतो. तो शुल्काच्या पानाआधी वाचा. त्यात सृष्टी सहा दिवसांत, २४ तासांच्या दिवसांत, झाली असं लिहिलेलं असेल तर तिथे भूगर्भशास्त्र काय शिकवतील ते समजून घ्या. नुसतं 'देवाने निर्माण केली' इतकंच असेल तर अंदाज बांधू नका. स्वतंत्र भूगर्भशास्त्र विभाग आहे का, तो मुलांना फील्डवर नेतो का ते पाहा, आणि प्रवेश कार्यालयाला नाही, थेट त्या विभागाच्या प्राध्यापकांना ईमेल करा. त्यांच्या संग्रहातल्या सगळ्यात जुन्या खडकाचं वय विचारा आणि ते कसं काढलं हेही विचारा. माझ्या विभागातून दुसऱ्याच दिवशी लांबलचक उत्तर आलं होतं, आलेखासकट.