मिटवलं म्हणजे झालं का?

मागच्या लेखात इथल्या, न्यूझीलंडमधल्या आमच्या दुकानातल्या चोरीबद्दल लिहिलं, तेव्हापासून गोव्यातून, पेडण्याहून, डिचोलीहून एकच विचारणा चालू आहे: त्या पोरांना शेवटी शिक्षा काय झाली? आमच्या मामाने तर निकालच देऊन टाकला, "तिकडे चोराला समोर बसवून चहा पाजतात म्हणे." मामाचं अगदीच चुकलेलं नाही. चहा असतो, बिस्किटंही असतात.

तो लेख ज्यांच्या नजरेतून सुटला त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. मी संध्याकाळी काउंटर सांभाळतो ते दक्षिण ऑकलंडमधलं एका गुजराती कुटुंबाचं कोपऱ्यावरचं दुकान. पहाटे चोरीची गाडी शटरवर घालायची, सिगारेटी आणि गल्ला उचलायचा नि पळायचं, हा प्रकार न्यूझीलंडमध्ये २०२२ च्या सुमारास फार बोकाळला होता. करणारी बरीचशी शाळकरी वयाची पोरं. आमच्या शटरचाही असाच चुराडा झाला.

चौदा ते सोळा वर्षांच्या आरोपींसाठी इथे १९८९ पासून वेगळी वाट आहे, २०१९ पासून बहुतेक सतरा वर्षांच्यांसाठीही. खून-मनुष्यवधासारखे गुन्हे सोडले, तर न्यायाधीशाने काही ठरवण्याआधी कुटुंबाची बैठक होते. मुलगा, त्याचे आईबाप, आजी, काका-मामा, पोलिसांचा एक माणूस, मुलाचा वकील, बैठक चालवणारा सरकारी समन्वयक आणि ज्याचं नुकसान झालं तो. त्याला सोबत आपली माणसं आणता येतात. सगळ्यांचं बोलून झालं की बाकीचे बाहेर जातात आणि मुलाच्या घरच्यांनी एकटं बसून ठरवायचं, की आपला पोरगा हे कसं भरून देणार. मग तो आराखडा सगळ्यांपुढे ठेवायचा. पोलिसांची आणि हजर राहिलेल्या पीडिताची संमती लागते. पटला नाही तर कोर्ट आहेच.

बोलावणं आलं तेव्हा दुकानाचे मालक, त्यांना आम्ही भाई म्हणतो, उखडले. "धंदा बंद ठेवून त्यांची तोंडं बघायला जाऊ?" जायचंच हा हट्ट भाभींचा. दुकानाच्या मागच्या खोलीत ते कुटुंब झोपतं. गाडी आदळली तेव्हा भिंतीच्या पलीकडे धाकटी मुलगी होती. भाभींना एवढंच विचारायचं होतं: मागे माणसं झोपतात हे तुम्हाला ठाऊक होतं का? बिलाच्या कोऱ्या पाठीवर त्यांनी तो प्रश्न आधी गुजरातीत लिहिला, मग माझ्याकडून इंग्रजीत करून घेतला. मी जरा गुळगुळीत इंग्रजी लिहिलं, तर त्यांनी तो कागद परत माझ्यापुढे सरकवला. "एवढं गोड नको."

आत काय बोलणं झालं ते सांगता येत नाही. कायद्याची मनाई आहे आणि ती असायलाच हवी. बाहेर येताना भाभींनी कुणाला माफ केलेलं नव्हतं, आणि माफ कर असं त्यांना कुणी सुचवलंही नव्हतं, एवढंच नोंदवतो. फौजदारी खटल्यात त्यांची जागा मुख्यतः साक्षीदाराची असती. विचारलं तेवढंच बोला, उतरा.

ही पद्धत सरकारला एका सकाळी सुचली असं नाही. माओरी, म्हणजे इथल्या मूळ रहिवाशांच्या मुलांना घरातून उचलून सरकारी आश्रमांत नि परक्या घरांत ठेवायचा सपाटा कित्येक वर्षं चालला होता. ऐंशीच्या दशकात जॉन रांगिहाउ यांच्या समितीने सरकारला स्पष्ट सुनावलं, की तुमची खातीच वंशभेदी वागतात, मुलाचा निर्णय त्याच्या गोतावळ्यात व्हायला हवा. १९८९ मध्ये कायदा आला. त्या आश्रमांत काय चालायचं ते चौकशी आयोगाच्या २०२४ च्या अहवालात आहे: १९५० ते २०१९ या काळात सुमारे साडेसहा लाख जण सरकारी किंवा धार्मिक संस्थांच्या ताब्यात होते आणि त्यांतल्या अंदाजे दोन लाखांवर अत्याचार झाले. १२ नोव्हेंबर २०२४ ला पंतप्रधानांनी संसदेत माफी मागितली. भरपाईसाठी नवी, स्वतंत्र यंत्रणा उभारा अशी आयोगाची शिफारस होती. सरकारने जुनीच ठेवून रक्कम तेवढी वाढवली. माफीचा मसुदा, भरपाईचा आकडा, पैसे कोण वाटणार, सगळं माफी मागणाऱ्याच्याच हातात. मला ते खटकतं.

याच्या उलट चित्र २०२१ चं. सत्तरच्या दशकात इथले पोलीस पहाटे सामोआ, टोंगा वगैरे बेटांवरून आलेल्या लोकांची दारं ठोठवायचे, व्हिसा संपलेल्यांना पकडायला. ऐंशीच्या दशकाच्या मध्यावरही मुदत उलटून राहिलेल्यांत हे लोक सुमारे एक तृतीयांश होते, पण खटले भरलेल्यांत ८६ टक्के. बाकीचे बरेचसे ब्रिटन-अमेरिकेचे, त्यांचं दार कोण ठोठावणार! १ ऑगस्ट २०२१ ला ऑकलंडच्या टाउन हॉलमध्ये पंतप्रधान जॅसिंडा आर्डर्न यांनी याची माफी मागितली, तीही सामोअन रिवाजाने. त्या रिवाजात गुन्हेगाराने पीडिताच्या घरापुढे बसायचं, अंगावर बारीक विणीची चटई पांघरून. केवड्याच्या जातीच्या पानांची, हाताने विणलेली, कापडासारखी मऊ चटई असते ती. घरचे बाहेर येऊन ती उचलतील तेव्हा उठायचं. नाही उचलली तर दिवसभर बसून राहायचं, अंगावर दगड आला तरी तक्रार नाही. टाउन हॉलमध्ये सगळं आधी ठरलेलं असणार, दगड येणार नव्हता, हे मान्य. तरीही देशाची पंतप्रधान चटईखाली डोकं झाकून बसली होती आणि चटई उचलण्याचा हक्क तिच्या सरकारकडे नव्हता.

आता तुम्ही म्हणाल, यात नवं काय? आपल्याकडे गावचं भांडण गावातच मिटतं, पंच आहेत, देवाचा कौल आहे, गाऱ्हाणं घालून नारळ ठेवला की झालं. मीही त्यातच वाढलो. पण नीट आठवून बघा, मिटवताना शेवटी कुणाला विचारतात? मुंडकाराचं, म्हणजे परक्याच्या जमिनीवर राहणाऱ्याचं घर आणि भाटकाराची, म्हणजे जमीनमालकाची जमीन, बैठक भाटकाराच्या बाल्कांवावर, त्याच्या ओसरीवर. मुलीला कुणी त्रास दिला, तर तिच्या बापाला दोन शहाणे कोपऱ्यात घेऊन सांगतात, सोयरिकीचं वय आहे, ताणू नको. जत्रेत पालखीला खांदा कोण लावणार यावरून गावात फूट पडते, मामलेदार येतात, पोलीस बसतात आणि तोडगा काय, तर यंदा पालखीच नको. वरवर शांतता. ज्यांना खांदा नाकारला त्यांना तो पुढच्या वर्षीही मिळत नाही.

भाभींना जे मिळालं ते याहून वेगळं होतं. त्यांनी घरी राहायचं ठरवलं असतं तरी चाललं असतं, आराखडा नाकारता आला असता, आणि तो पाळला जातोय का ते बघणारा पगारी माणूस होता. ही तीन हाडं काढून घेतली तर उरते ती आपली मिटवामिटवी. कायदा आपल्याकडे नाही असं नाही. गोव्याने २००३ मध्येच स्वतःचा बाल कायदा केला, बालन्यायालय आणलं. २०१५ च्या बालन्याय कायद्यात मंडळाला समुपदेशन, समाजसेवा असे आदेश देता येतात. १ जुलै २०२४ पासून किरकोळ गुन्ह्यांना समाजसेवेची शिक्षा मोठ्यांनाही आहे. पण ती सगळी गुन्हेगाराचं काय करायचं याची सोय झाली. ज्याचं शटर फुटलं तो कुठे बसणार?

इथलं सगळं गोमटं आहे असंही समजू नका. माओरी देशात सुमारे पाचातले एक, पण तुरुंगात निम्म्याहून अधिक, आणि हे इतक्या वर्षांच्या बैठकांनंतर. पुष्कळ पीडित बैठकीला येतच नाहीत, रजा कोण देणार? २०२३ मध्ये सरकार बदललं आणि पुढच्या वर्षी पोरांसाठी लष्करी थाटाचं शिबिर सुरू झालं. भाईंना ते फार आवडलं.

शिक्षा काय झाली, या प्रश्नाचं उत्तर राहिलं. आराखडा पुरा पाळला तर न्यायाधीश मुलाला असं सोडू शकतात, की आरोप कधी ठेवलाच नव्हता. भाभींना हे बिलकूल मान्य नाही, मुलगी अजून दिवा लावून झोपते. शिबिरावर खूश असलेले भाई मात्र इथे म्हणतात, पंधरा वर्षांचं पोर आहे, पुसू दे. यावरून त्या घरात अजून वाजतं, आणि वाजायला लागलं की मी फ्रिजमध्ये दूध भरायला जातो.