बूम धरायला गेलो होतो

बी.कॉम. झाल्यावर पुण्यात साउंडचा कोर्स केला, मग मुंबईत मालिकांवर बूम, म्हणजे लांब काठीवरचा माइक, धरायला लागलो. १२ तासांची शिफ्ट, पैसे ९० दिवसांनी, आणि बेळगावात घरच्यांना अजून वाटतंय मी डीजे लावतो.

तर एका सिनेमाचं शूटिंग आमच्या बेळगावातल्या वडगावात लागलं. सीन काय, तर मायलेकी रात्री कुजबुजत बोलतात. लोकेशन बघायला आले त्या दिवशी करंट गेलेला म्हणे, म्हणून सगळी गल्ली शांत वाटली त्यांना. रेकीला साउंडवाल्याला कुणी नेत नाही, हा या धंद्यातला जुना रोग.

फ्रिज बंद केला (गाडीची किल्ली आतच ठेवायची, म्हणजे जाताना परत चालू करायला विसरत नाही), पंखे बंद, खिडक्यांना काळं कापड, त्यावर ब्लँकेटं, आणि पलीकडं पावरलूमची खडखड चालूच. जनरेटरची घरघर लो कट (खालचे जाड आवाज कापणारं फिल्टर) लावून मारता येते हो, पण मागातल्या धोट्याचा आवाज बोलण्याच्याच पट्टीत येतो, तो काढायला गेलं की माणसाचा आवाजपण पातळ होतो. डायरेक्टर म्हणाला डब करू. कुजबुज डब केली की स्टुडिओत तो श्वास येत नाही, कितीपण चांगली नटी असू दे.

प्रॉडक्शनवाला गल्लीत हिंदीत ओरडत सगळ्यांना मिळून ५०० रुपये देतो म्हणत फिरत होता, त्याला कोण विचारतंय. शेवटी मीच गेलो. मागावरचे अण्णा अर्धं कन्नड अर्धं मराठी बोलणारे, म्हणाले, "तुमास्नी दिवसाचं मिळतंय, आमास्नी साडीवर. आणि सारखं बंद-चालू केलं की कापडावर पट्टी उठतीय, ती साडी शेठ घेत नाही, काय करायचं सांग की."

म्हणजे टेकपुरतं थांबवा म्हणण्यात अर्थच नव्हता. मग ठरलं, जेवणाच्या सुट्टीला जोडून माग एकदाच बंद ठेवायचे, बुडालेल्या साडीचा हिशोब मागामागाप्रमाणं रोख द्यायचा. असिस्टंट डायरेक्टरला बसवून शेड्यूल फिरवलं, बोलण्याचे क्लोजअप तेवढ्यात, बिनबोलीचे वाइड शॉट माग चालू असताना. कुजबुज स्वच्छ मिळाली. रूम टोनपण घेतला, म्हणजे सगळे गप्प असताना खोलीचा नुसता आवाज, त्यालासुद्धा लोक गप्प बसत नाहीत, युनिटचेच.

पॅकअपला डायरेक्टरनं पाठ थोपटली, साउंडसाठी नाही, "गल्ली सांभाळलीस" म्हणून. ट्रॅक कुणी ऐकलाच नव्हता.

आता त्याच प्रॉडक्शनचा फोन आलाय, निपाणीला शूटिंग आहे. साउंडला कोण विचारलं तर म्हणे ती टीम मुंबईहून येणार, तू लोकल बघ, परमिशन, गाड्या, लोक. पैसे बूमच्या दीडपट, तेपण दर आठवड्याला. आई म्हणते घरापासून जवळ हाय, जा की. एकदा हो म्हटलं की बूमला कुणी बोलावणार नाही हे मला माहितीय, आणि या महिन्याचं खोलीभाडं पण माहितीय. उद्या सांगतो म्हटलंय त्यांना.